लिहिलेला प्रसंग की खोटा माहितीपट: बिनपैशांच्या विनोदी शॉर्टफिल्मसाठी काय निवडावं

पैसे नाहीत, चार मित्र तयार आहेत, एक फोन आहे आणि एखाद्या व्यवस्थेचा विनोदातून समाचार घ्यायची इच्छा आहे. इथवर पोचलेल्याला पुढचा प्रश्न हमखास पडतो. रीतसर संवाद लिहून, शॉट पाडून प्रसंग शूट करायचा, की सगळं खरंच घडलंय असं मानून माणसांना कॅमेऱ्यासमोर बसवायचं आणि बोलतं करायचं? म्हणजे ज्याला मॉक्युमेंटरी म्हणतात ते.

मी दोन्ही करून पाहिलं आहे, आणि तेही एकाच गोष्टीवर. पहिली फिल्म मनासारखी झाली नाही म्हणून तीच गोष्ट दुसऱ्या पद्धतीने पुन्हा केली. त्यामुळे माझ्यापुरती तरी ही तुलना सारख्याला सारखी लावून झालेली आहे. तुमचा अनुभव वेगळा निघू शकतो, हे आधीच मान्य करतो.

गोष्ट थोडक्यात अशी. एका कार्यालयात तक्रारपेटी बसवतात. ती कुठे लावायची हे ठरवायला समिती नेमतात. पेटी लागते आणि किल्ली हरवते. काही दिवसांनी किल्ली एका कारकुनाला सापडते. तो माणूस नियमाला धरून चालणारा. तो रीतसर अर्ज लिहितो, किल्ली अर्जाला टाचतो आणि अर्ज पेटीत टाकतो.

आधी लिहिलेल्या प्रसंगाबद्दल. याची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे शब्द तुमच्या ताब्यात राहतात. उपहासात ही लहान गोष्ट नाही. आमच्या समितीचे अध्यक्ष म्हणतात, ‘‘पेटी लागल्यापासून एकही तक्रार आमच्यापर्यंत आलेली नाही.’’ या वाक्यातली सगळी धार ‘आमच्यापर्यंत’ या एका शब्दात आहे. नटाने बोलण्याच्या ओघात तो गाळला तर उरते ती साधी फुशारकी. लिहिलेल्या संहितेत असा शब्द तुम्ही राखू शकता, टेक पुन्हा घेऊ शकता. शिवाय शेवट आधीच ठरलेला असतो आणि लांबीचा अंदाजही साधारण येतो. एडिटही लवकर उरकतं. माझा रफ कट, म्हणजे एडिटचा पहिला कच्चा खर्डा, दोन संध्याकाळींत उभा राहिला होता.

मग बिनसलं कुठे? एका पॉजमध्ये.

शूट मित्राच्या घरी होतं, बैठकीची खोली कार्यालयासारखी मांडून. कॅमेरा एकच, म्हणून नेहमीप्रमाणे आधी सगळ्यांचा मिळून मास्टर, म्हणजे अख्खा प्रसंग धरणारा रुंद शॉट, मग एकेकाचे क्लोज-अप. अध्यक्षांचं काम करणाऱ्याला दुपारी निघायचं होतं, तेव्हा त्याचे शॉट सकाळी उरकले. कारकुनाचे शॉट तीननंतर. दोघांमधला कळीचा संवाद एवढाच:

‘‘अर्जासोबत काही जोडलं होतं?’’

‘‘हो. किल्ली.’’

तालमीत या जागी प्रत्येक वेळी सगळे हसत. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये कारकुनाला आपण काय करून बसलो हे उमगतं, आणि ते उमगणं आपल्याला दिसतं. हसू त्या थांबण्याला येतं, शब्दांना नाही. पण शूटच्या दिवशी कारकून उत्तर देत होता तेव्हा समोर अध्यक्ष नव्हतेच, ते घरी पोचले होते. त्यांची वाक्यं मी कॅमेऱ्यामागून वाचत होतो. म्हणजे तो पॉज दोघांपैकी कुणीच जगला नव्हता. तो एडिटमध्ये बनवावा लागला.

आम्ही २५ फ्रेमवर, म्हणजे सेकंदाला २५ चित्रं या वेगाने, शूट केलं होतं. १२ फ्रेमचा पॉज ठेवला तर उत्तर पाठ केल्यासारखं वाटायचं. ४० फ्रेम ठेवला तर नट वाक्य विसरलाय असं वाटायचं. २० फ्रेमला, म्हणजे सेकंदाच्या पाचातल्या चार भागांना, चित्र बरोबर बसत होतं. पण आता आवाज आड आला. सकाळी स्वयंपाकघरातला फ्रिज चालू होता आणि त्याची घुमणारी घरघर अध्यक्षांच्या प्रत्येक शॉटखाली होती. दुपारी कंप्रेसर थांबलेला आणि खिडकीतून रस्ता ऐकू येत होता. त्यामुळे नेमक्या त्या २० फ्रेमच्या मधोमध खोली बदलायची. प्रेक्षकाला नेमकं काय खटकलं ते सांगता येणार नाही, पण कान हलतो, आणि तेवढ्यात विनोद हातचा जातो.

यावरचे उपाय तुम्हाला माहीत असतील, आणि मलाही माहीत होते. प्रत्येक मांडणीचा अर्धा मिनिट रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा खोलीचा नुसता आवाज, घ्यायचा. आम्ही सकाळचा एकदाच घेतला होता. तो दुपारच्या शॉटखाली पसरून पाहिला, तरी वाक्यांची शेपटं उघडी पडत राहिली. डबिंग करून पाहिलं, पण त्यात तो बिचकलेला श्वासच गेला. दुसरा फोन लावून दोन्ही बाजू एकदम घेता आल्या असत्या, पण दोन वेगळ्या फोनचे रंग जुळवणं हा एक स्वतंत्र त्रास आहे. त्यातून बरेच फोन फ्रेम रेट स्थिर ठेवत नाहीत, तेव्हा वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज लांब टेकमध्ये ओठांपासून हळूहळू सरकत जातो. आधी सगळ्या फायली स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्याव्या लागतात. एकाच रुंद शॉटमध्ये दोघांना धरणं हा खरा चांगला मार्ग. त्यात पॉज खराखुरा मिळतो. मात्र मधलं एखादं वाक्य पडलं तर ते कापायला जागा उरत नाही, सगळा टेक पुन्हा.

थोडं मागे जाऊन पाहिलं तर दोष फ्रिजचाही नव्हता. बिनपैशांच्या कामात माणसांचा वेळ उसना असतो. मानधन देत नसताना कुणाला ‘दिवसभर थांब’ म्हणायचा आपल्याला अधिकार नाही. लिहिलेल्या प्रसंगाला मात्र चारही माणसं एका वेळी, एका खोलीत, एका प्रकाशात लागतात. जे आपल्याकडे सर्वांत कमी आहे तेच तो सर्वांत जास्त मागतो. माझ्यासाठी निवड इथेच जवळजवळ ठरली.

काही महिन्यांनी तीच गोष्ट माहितीपटाच्या रूपात केली. चौघांपैकी प्रत्येक जण आपल्या सोयीने एकेक तास आला, आपापल्या जागी बसला, समितीचं काम कसं चाललं ते सांगून गेला. चौघे एकदाही एकत्र आले नाहीत आणि फिल्मला ते कधी जाणवलं नाही. प्रत्येकाच्या खोलीचा आवाज वेगळा होता. माणूस बदलला की जागा बदलते हे प्रेक्षक मुकाट्याने स्वीकारतो. एकाच माणसाच्या बोलण्यात मध्येच कट मारला तरी चालतं, कारण मुलाखतीत तसे कट त्याने आयुष्यभर पाहिलेले असतात. कॉलरला माइक लावलेला दिसला तरी बिघडत नाही, उलट खरेपणा वाढतो. पहिल्या फिल्ममध्ये जे लपवताना जीव गेला, ते इथे उघड्यावर ठेवता आलं.

आणि तो पॉज. कारकुनाला मी विचारलं, ‘‘मग किल्लीचं काय झालं?’’ त्याला प्रश्न माहीत होता, उत्तराची दिशा माहीत होती, वाक्य दिलेलं नव्हतं. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मग नजर खाली आपल्या उजव्या हाताकडे गेली. अंगठा आणि तर्जनी किंचित जवळ आली, जणू तो टाचणी लावत होता. मग म्हणाला, ‘‘जोडली होती.’’ दोन सेकंदांहून जास्त शांतता. मी त्यातली एक फ्रेमही काढली नाही. लगेच पुढे भिंतीवरची पेटी. पहिल्या फिल्ममध्ये ज्या जागेने मला आठवडाभर झुंजवलं, ती इथे एका टेकमध्ये, एका माणसाच्या चेहऱ्यावर मिळाली.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण ही पद्धत दिसते तितकी स्वस्त नाही. पैसे लागत नाहीत, पण त्याची भरपाई ती एडिटच्या टेबलावर वसूल करते. साडेतीन तासांच्या मुलाखतींतून ९ मिनिटं काढायला मला पाच आठवडे लागले, रोज रात्री. प्रत्येक मुलाखत पूर्ण लिहून काढली, कागदाच्या पट्ट्या करून जमिनीवर मांडल्या, तेव्हा कुठे क्रम सापडला. ज्याला एडिटची आवड नाही त्याने या वाटेला जाऊ नये असं मी नम्रपणे सुचवीन.

दुसरी अडचण नटांची. वाक्यं मोकळी सोडली की बहुतेक जण विनोद करू लागतात, आणि उपहास तिथेच मरतो. खोटी बातमी गंभीर आवाजात सांगितली तर काय होतं याचं बीबीसीचं उदाहरण प्रसिद्ध आहे. १ एप्रिल १९५७ रोजी ‘पॅनोरमा’ या त्यांच्या कार्यक्रमात स्वित्झर्लंडमध्ये झाडांवरून स्पॅगेटीचं पीक उतरवताना दाखवलं. निवेदक रिचर्ड डिंबलबी यांचा आवाज एवढा विश्वासाचा होता की ते झाड लावायचं कसं अशी विचारणा करणारे फोन आले. त्या तुकड्यात हसण्यासारखं काही कुणीच ‘करत’ नाही. मी नटांना एवढंच सांगत असे: या मुलाखतीवर तुमची नोकरी अवलंबून आहे, तेव्हा समितीची बाजू मांडा. जो जितका मनापासून बाजू मांडेल तितका तो उघडा पडतो.

वाक्यं मोकळी असली तरी घटना मोकळ्या ठेवू नका. मी एका कागदावर सगळा इतिहास लिहून दिला होता: समिती कधी नेमली, किती बैठका झाल्या, किल्ली कुणी शेवटची पाहिली. तो सगळ्यांना पाठ होता. त्यामुळे चौघांच्या सांगण्यात फरक पडला तो स्वभावाचा, तपशिलाचा नाही, आणि फिल्मला कणा राहिला. याशिवाय कॅमेऱ्यामागे कोण आहे आणि तो हे का शूट करतोय, याचं उत्तर तुमच्याजवळ तयार हवं. प्रेक्षकाला ते सांगावं लागत नाही, पण तुम्हाला ठाऊक नसेल तर कॅमेरा कुठे ठेवायचा हेच कळत नाही. नटाने कॅमेऱ्याकडे टाकलेला सूचक कटाक्ष हे या प्रकारातलं फार वापरून गुळगुळीत झालेलं नाणं आहे. मी दोनच ठेवले. आज एकच ठेवीन.

एका बाबतीत मी ठाम आहे. खरी, अनोळखी माणसं पकडून त्यांना फसवून बोलायला लावू नका. ज्याला आपण थट्टेत सामील आहोत हे माहीत नाही, त्याच्यावर हसणं हा उपहास राहत नाही. आपला नेम त्याच्या डोक्यावर बसलेल्या व्यवस्थेवर हवा. जे कॅमेऱ्यासमोर आले त्या सगळ्यांना आम्ही आधी सगळं सांगितलं होतं.

आणि शेवट. मुलाखती संपतात, गोष्ट संपत नाही. माणसं बोलायची थांबतात एवढंच. यासाठी एखादी न बोललेली घटना शूट करून ठेवावी लागते. आमच्या फिल्ममध्ये ती पेटी आहे, रिकाम्या कॉरिडॉरमध्ये, पाऊण मिनिटाचा एकच शॉट. एक जण येतो, घडी केलेला कागद आत टाकतो, आणि आतून धातूवर कागद पडल्याचा आवाज येत नाही, कारण पेटी आता भरत आली आहे. ही एक जागा लिहून, ठरवून केलेली आहे, हे कबूल करायला हवं.

मग निवडावं काय? तुमची थट्टा दोन माणसांच्या आमनेसामने भांडणावर उभी असेल, शब्दाला शब्द लागून चढत जाणारी असेल, तर लिहिलेला प्रसंगच घ्या. मुलाखतीत ती चढण मिळत नाही. नट रंगभूमीवरचे असतील, पाठांतर पक्कं असेल आणि एक अख्खा दिवस सगळे मिळून देणार असतील, तरीही तोच घ्या. पण लक्ष्य एखादी समिती, कार्यालय, परिपत्रकांची भाषा असं काही असेल आणि माणसं तासातासाने भेटणारी असतील, तर माझा कौल थोडा नव्हे, बराच खोट्या माहितीपटाकडे झुकतो. अशा भाषेला स्वतःचं समर्थन करायला आवडतं, आणि माहितीपट तिला नेमकी तीच जागा देतो.

सध्या तिसऱ्या फिल्मची तयारी चालू आहे. तीही मुलाखतींचीच आहे, मध्ये फक्त दोघांचा एक लिहिलेला प्रसंग आहे, एकाच रुंद शॉटमधला. शूट पुन्हा त्याच मित्राच्या घरी. या वेळी फ्रिज बंद ठेवणार आहोत, आणि शूटिंगवाल्यांची जुनी युक्ती म्हणून माझ्या घराची किल्ली त्या फ्रिजमध्ये ठेवणार आहे, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायचा राहणार नाही.