लेकीचं कार्ड आई-वडिलांना चालत नाही : शरणपूर रोडवरचं प्रवास विम्याचं ऑफिस

कॅनडा कॉर्नरच्या अलीकडे, पहिल्या मजल्यावर, दोन टेबलांचं साधं ऑफिस आहे. मुलांकडे परदेशी निघालेल्या नाशिककर आई-वडिलांना मी मनापासून सांगेन, पॉलिसी इथूनच काढा.

आमची लेक लीड्सला असते. ती आणि जावई दोघं ब्रिटिश नागरिक. आधी तिच्याकडे, मग चौघांनी मिळून पॅरिस आणि बार्सिलोना असा बेत. लेकीकडे जीएचआयसी कार्ड आहे, म्हणजे ब्रिटनबाहेर सरकारी उपचारांसाठी चालणारं ब्रिटनचं आरोग्य कार्ड. ब्रेक्झिटचा (ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा) संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि ईएचआयसी या जुन्या युरोपीय आरोग्य कार्डाच्या जागी २०२१ पासून हे कार्ड द्यायला लागले. ते फुकट मिळतं. युरोपीय संघातल्या देशांत सरकारी रुग्णालयात गरजेचे उपचार तिथल्या माणसांच्याच दरात होतात. पण हे कार्ड ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे, आणि भारताचा ब्रिटनशी असा करारही नाही, त्यामुळे आम्हाला त्याचा उपयोग शून्य. ऑफिसातल्या ताईंनी हे बसल्या बसल्या कोऱ्या कागदावर मांडून दाखवलं. वर लेकीलाही विमा घ्यायला सांगा म्हणाल्या, कारण खासगी रुग्णालय किंवा पेशंटला घरी आणण्याचा खर्च त्या कार्डात बसत नाही.

ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाला विमा सक्तीचा नाही, म्हणून बरेच जण फक्त शेंगेनपुरती (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या फ्रान्स, स्पेनसारख्या युरोपीय देशांपुरती) पॉलिसी घेतात. ताई त्याला साफ नाही म्हणाल्या. इंग्लंडमध्ये इमर्जन्सी विभागात तपासायचे पैसे घेत नाहीत, पण अ‍ॅडमिट केलं की आपल्यासारख्या पाहुण्यांना एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) दराच्या १५० टक्के बिल लागतं. शेंगेनसाठी लागणारं किमान ३०,००० युरोचं कव्हर विम्याच्या पत्रात स्पष्ट छापलंय ना, हेही त्यांनी डोळ्यांखालून घातलं.

मला सगळ्यात भावलं ते त्यांचं पॉलिसी वाचणं. ‘‘काका, काय मिळतं ते जाहिरातीत असतंच. काय मिळत नाही ते आधी बघू.’’ सौ.ला मधुमेह आणि बीपी आहे. ‘पूर्वीचे आजार’ हे कलम त्यांनी गुलाबी हायलायटरने रंगवलं, आमच्या पॉलिसीत त्यासाठी जिवावर बेतलं तरच आणि ठरावीक रकमेपर्यंतच पैसे मिळतील हे नीट समजावलं, आणि फॉर्मवर दोन्ही आजार लिहायला लावले. (एका ऑनलाइन साइटवर या प्रश्नापुढे आधीच ‘नाही’ टिक केलेलं होतं. क्लेमच्या वेळी हेच अंगाशी येतं. ग्राहकाशी असं वागू नये.) मग सौ.च्या गोळ्यांची यादी केली, तीसुद्धा ब्रँडऐवजी आतल्या औषधाच्या नावाने. आपले ब्रँड तिकडच्या डॉक्टरांना माहीत नसतात.

प्रीमियम ऑनलाइनपेक्षा थोडा जास्त पडला, मला तो रास्त वाटला. गाडी लावायला मात्र जागा नाही, आणि जिना चढावा लागतो. गुडघेदुखी असलेल्यांनी फोन केला तर ताई खाली येऊन कागद घेतात. अटींचं एक पान मराठीत द्यावं, ही माझी कळकळीची विनंती. येताना पासपोर्ट आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या बरोबर आणा.