गॉड ऑफ वॉर: २०१८ चा घ्यावा की थेट रॅग्नारॉक?

गेल्या आठवड्यात मावसभावाचा फोन आला. “दादा, सेल लागलाय, पण एकच घेता येईल. २०१८ चा घेऊ की रॅग्नारॉक?” ‘गॉड ऑफ वॉर’ ही व्हिडिओ गेमची मालिका, आणि रॅग्नारॉक हा २०१८ च्या गेमचाच पुढचा भाग. ग्रीक पुराणकथांवरचे जुने भाग त्याने मित्राकडे थोडेफार खेळलेत, त्यामुळे मालिकेचा नायक क्रेटोस कोण हे त्याला सांगावं लागत नाही. मी दोन्ही गेम पूर्ण केलेत, तरी फोनवर धड काही सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहितोय.

ग्राफिक्स, फ्रेमरेट यांवर वेळ घालवत नाही. त्या बाबतीत कुठलाही घेतलात तरी पस्तावणार नाही. खरा प्रश्न गोष्टीचा आणि त्यातल्या खलनायकाचा आहे.

जुन्या भागांत खलनायक म्हणजे उंची. २००५ मध्ये युद्धदेव एरीज, २०१० च्या तिसऱ्या भागात देवांचा राजा झ्यूस. तिसऱ्या भागाची सुरुवातच ‘गाया’ या महाकाय टायटनच्या पाठीवरून देवांचा डोंगर ऑलिंपस चढताना होते आणि समुद्रदेव पोसायडन समोर येतो तो डोंगराएवढा. एक देव मेला की पुढचा. खेळायला मजा यायची, पण देव संपले आणि सांगण्यासारखंही फार काही उरलं नाही.

२००७ चा दुसरा भाग ज्याने दिग्दर्शित केला होता, त्याच कोरी बारलॉगने २०१८ मध्ये सगळं नव्याने मांडलं. ग्रीस सोडून नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या पुराणकथांचा मुलूख आला, क्रेटोससोबत अ‍ॅट्रियस नावाचा मुलगा आला, कॅमेरा खांद्यामागे आला आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत तो एकदाही कट होत नाही. पण खरा बदल कळतो तो दारावर थाप पडते तेव्हा. बायकोची चिता नुकतीच विझलेली, मुलाला जमिनीखालच्या पोकळीत लपवलेलं आणि बाहेर उभा एक किडकिडीत, उघडाबंब, गोंदवलेला माणूस. क्रेटोसच्या खांद्यालाही धड न लागणारा. हा बाल्डर, नॉर्स देवांपैकी एक. तो मार खातो आणि उठतो, पुन्हा खातो, पुन्हा उठतो. त्याला काहीच जाणवत नाही, ना ठोसा, ना थंडी, ना घासाची चव.

गांधारीने दुर्योधनाचं अंग वज्राचं केलं आणि मांडी तेवढी राहिली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकलेली असते. बाल्डरच्या आईनेही मुलाला काही होऊ नये म्हणून त्याला मंत्राने बांधलंय आणि तिथेही एक साधी वनस्पती सुटलीय. मात्र हा गेम तिथे थांबत नाही. ज्याला काही लागतच नाही, त्याने जगायचं कशासाठी? बाल्डर ज्याच्यासाठी पेटलाय तो प्रश्न हा आहे आणि समोर उभा क्रेटोसही आपल्या मुलापासून अर्धं आयुष्य लपवून बसलाय. दोन घरांची दुखणी एकमेकांसमोर येतात. बाल्डरची आई कोण, हे मी इथे सांगणार नाही.

२०२२ च्या रॅग्नारॉकमध्ये खलनायक नॉर्स देवांचा राजा ओडिन आहे आणि तोही अफलातून उतरलाय. सुरुवातीलाच त्याचा मुलगा थॉर क्रेटोसच्या घरात शिरतो, बसतो, मद्य ओततो. मागून ओडिन येतो, साध्या कपड्यांतला, आवाज न चढवणारा म्हातारा. तहाची बोलणी तो अशी करतो, जणू भाऊबंदकीचा वाद मिटवायला घरातला वडीलधारा आलाय. पुढे अ‍ॅट्रियस देवांच्या मुलखात, असगार्डला जातो तेव्हा तो त्या पोराचं मत विचारतो, त्याचं कौतुक करतो. मला तो आवडू लागला होता आणि स्वतःचीच भीती वाटली होती. नुसता खलनायक तोलायचा तर माझ्या मते ओडिनचं पारडं किंचित जड भरेल.

तरीही माझा कौल तिकडे नाही. कारण सांगतो.

रॅग्नारॉकमधल्या स्वार्टाल्फहाइम या बुटक्यांच्या मुलखात पाण्याचा फवारा कुऱ्हाडीने गोठवायचा आणि लाकडी चाक फिरवायचं, अशी कोडी आहेत. रात्री साडेअकराला हेडफोन लावून मी अशाच एका चाकासमोर उभा होतो. पाणी कुठून येतंय, साखळी कुठे जातेय, हे मान वर करून पाहत होतो. मोजलं नाही, पण दहा सेकंदही झाले नसतील, तेवढ्यात सोबतचं पात्र बोललंच की तो फवारा गोठवून बघ. उत्तर मला सुचत होतं, ओठांवर होतं, ते त्याने काढून घेतलं. पुढच्या कोड्याला तेच, त्याच्या पुढच्यालाही. परीक्षेत शेजारचा न विचारता उत्तर सांगतो तेव्हा होते तशी चिडचिड. तिसऱ्या दिवशी मी कोडं दिसलं की घाईने कुऱ्हाड फेकायला लागलो, कुणी बोलायच्या आत सुटावं म्हणून. विचार करण्यातली मजाच गेली.

पीसी आवृत्ती आली तेव्हा या सूचना कमी करण्याची सेटिंग मिळाली, तेव्हा तुम्हाला हा त्रास कदाचित माझ्याइतका होणार नाही. पण माझ्या मनात एक गोष्ट राहिलीच. रॅग्नारॉकला शांतता सहन होत नाही, कोड्यातही नाही आणि गोष्टीतही नाही. प्रत्येक पात्र आपलं दुःख शब्दांत मांडतं, मग दुसरं त्याची समजूत घालतं. आयर्नवुडच्या जंगलातला, अंगरबोडा नावाच्या मुलीसोबतचा भाग दिसायला देखणा आहे, पण फळं गोळा करत जाताना मला वारंवार वाटत होतं की आता पुढे सरका.

२०१८ चा गेम गप्प राहतो. होडीत बसलं की मिमिर, म्हणजे क्रेटोसच्या कमरेला बांधलेलं बोलकं मुंडकं, गोष्ट सांगायला घेतो. होडी काठाला लागली की तो मधेच थांबतो आणि परत होडीत बसलात की राहिलेला धागा उचलतो. बाकी वेळ वल्ह्यांचा आवाज. क्रेटोस मुलाच्या पाठीवर हात ठेवायला जातो आणि तो हात हवेतच राहतो. त्यावर कुणी अवाक्षर काढत नाही. मला ते आजही आठवतं.

उणिवा २०१८ मध्येही आहेत. तोच दगडवाला ट्रोल राक्षस रंग बदलून इतक्यांदा येतो की कंटाळा येतो. शत्रूंचे प्रकार थोडे आहेत. लढाईत रॅग्नारॉक सरसच आहे. ड्रॉपनिर भाला हातात आला की आधीची कुऱ्हाड जरा एकसुरी वाटते. मुख्यतः हाणामारीसाठी खेळणार असाल आणि मागची गोष्ट कुणी सांगितली तरी चालणार असेल, तर सरळ रॅग्नारॉक घ्या, मी अडवणार नाही. वल्हाला हा त्याचा जोडभाग फुकट आहे, तोही जमेला धरा.

पण गोष्टीसाठी घेत असाल तर माझ्या मते २०१८ चा घ्या. ओडिन दारात येतो तेव्हा त्या घरावर काय गुदरलंय हे माहीत असेल, तरच तो प्रसंग पुरता भिडतो. भावालाही मी हेच कळवलं, आणि सोबत एवढंच, की मिमिर गोष्ट सांगत असेल तर ती संपेपर्यंत होडी काठाला लावू नकोस.