सिटी व्हीटेक की पॅलिओ १.६: जुनी गाडी हाती घेण्याआधी

२००० सालच्या आगेमागे आपल्या रस्त्यांवर पळणाऱ्या, आणि नोकरदार माणसाला थोडा हात ताणून घेता येतील अशा गाड्या आठवायला बसलं की दोन नावं हमखास निघतात. पहिल्या पिढीची होंडा सिटी १.५ व्हीटेक आणि फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्स. दोन्ही आता विशी ओलांडून गेल्या आहेत. त्या काळात शाळेत असलेली आणि शेजारच्या काकांच्या गाडीकडे बघत मोठी झालेली मुलं आज कमावती आहेत आणि विचारतात, यातली कोणती घेऊन उभी करू?

माझं मत आधीच सांगून टाकतो. मी निवड इंजिनावरून करत नाही, पत्र्यावरून करतो. इंजिन बांधता येतं. रिंगा, पिस्टन, बेअरिंग, हेडचं काम यासाठी चांगला मशीन शॉपवाला प्रत्येक मोठ्या शहरात आहे. पण सडलेला रनिंग बोर्ड, डिकीच्या कडेचा गंज, तडकलेलं डॅशबोर्ड, दाराच्या काचेची बीडिंग आणि न मिळणारा टेललॅम्प यांच्यापायी गाड्या वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडून राहतात. म्हणून पुढचं सगळं वाचताना मनात एकच प्रश्न ठेवा: या गाडीचं काय पुन्हा मिळेल आणि काय मिळणार नाही?

इंजिन

कागदावर दोघी जवळजवळ आहेत. सिटीचं इंजिन १,४९३ सीसी, एक कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), १६ व्हॉल्व्ह, १०६ बीएचपी. पॅलिओचं १,५९६ सीसी, दोन कॅमशाफ्ट, १६ व्हॉल्व्ह, १०० बीएचपी. चालवायला मात्र या दोन वेगळ्या स्वभावाच्या गाड्या आहेत.

सिटी अंगाने हलकी. खालच्या आरपीएमवर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या कमी असताना, ती साधी घरगुती सेडान असते. साधारण पाच हजारांच्या आसपास ऑइलच्या दाबाने रॉकर आर्ममधली पिन सरकते, मधला मोठ्या कॅमवर चालणारा रॉकर बाजूच्या दोघांना जोडला जातो, आणि इनटेकचे व्हॉल्व्ह जास्त उघडायला, जास्त वेळ उघडे राहायला लागतात. आवाज बदलतो, गाडी पुन्हा एकदा नव्याने निघाल्यासारखी ओढते. हीच व्हीटेक यंत्रणा, आणि ती सगळी ऑइलवर चालते, हे लक्षात घ्या. हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) लावलेल्या व्हीटेक सॉलेनॉइडच्या, म्हणजे ऑइलची वाट उघडणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हच्या, गॅस्केटमध्ये बारीक जाळी असते. वर्षानुवर्षं काळं ऑइल फिरलं की ती चोंदते. मग वरची ओढ येत नाही, आणि गॅरेजवाला म्हणतो, ‘इंजिन बसलं, हेड खोलावं लागेल.’ हेड खोलू देण्याआधी ऑइलची पातळी बघा, सॉलेनॉइड उतरवून जाळी साफ करा, नवं गॅस्केट बसवा. बऱ्याच गाड्यांचं दुखणं तेवढंच असतं.

पॅलिओला अशी वाट बघावी लागत नाही. तिचा टॉर्क खालपासून हजर असतो. खंबाटकी किंवा कुंभार्ली घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढताना ती जी निर्धास्त ओढ देते, ती सिटी देत नाही. सिटीला एक गिअर खाली टाकावा लागतो. वेगात पॅलिओ रस्त्याला धरून राहते, दार लावल्याचा आवाजही भरीव येतो. तिचा दोष सगळ्यांना ठाऊक आहे: वजन जास्त आणि शहरात पेट्रोल फार पिते. रोज ऑफिसला न्यायची असेल तर हा मुद्दा महिन्याच्या हिशेबात दिसतो. रविवारी पहाटे बाहेर काढायची असेल तर सोडून द्या.

टायमिंग बेल्ट दोन्हींना आहे, आणि जुन्या गाडीचा बेल्ट कधी बदलला हे विक्रेत्याच्या तोंडी हिशेबावर सोडू नका. बिल नसेल तर बदललाच नाही असं धरा. सिटीत वॉटर पंप बेल्टच्या आतच असल्यामुळे दोन्ही एकदमच बदलायचे. पंपाचे पैसे वाचवले तर काही महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा पडते. पॅलिओत अडचण वेगळी. तिचे कॅमशाफ्ट जागेवर लॉक करून बेल्ट बसवण्यासाठी खास टूल लागतं. ते ज्याच्याकडे नाही तो पांढऱ्या रंगाच्या खुणा करून काम उरकतो, आणि मग गाडी आयडलला थरथरत राहते. पॅलिओ घेण्याआधी तुमच्या शहरात हे टूल असलेला फिटर आहे का, ते बघा. मुंबईत असा माणूस मिळण्याची शक्यता जास्त. पॅलिओ सुरुवातीला कुर्ल्याच्या कारखान्यातच बनायची, आणि पद्मिनीच्या काळापासून फियाटवर हात बसलेली गॅरेजं त्या पट्ट्यात टिकून आहेत. तरी प्रत्येक जुना फियाटवाला पॅलिओचा जाणकार नसतो. कार्ब्युरेटर जुळवणं आणि ईसीयूची (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची) गाडी समजणं ही दोन वेगळी कामं आहेत.

वायरिंग, जिथे गाड्या अडतात

सिटीचं एक प्रसिद्ध दुखणं आहे. गाडी उन्हात उभी होती, तासाभराने चावी फिरवली, स्टार्टर फिरतो पण इंजिन पकडत नाही. संध्याकाळी थंड झाल्यावर एका झटक्यात सुरू. लोक पेट्रोल पंप बदलतात, प्लग बदलतात. आधी कान द्या. चावी दुसऱ्या टप्प्यावर आणली की डॅशबोर्डखाली ‘टक’ असा आवाज यायला हवा आणि मागच्या सीटखालून दोनेक सेकंद पंपाची घरघर ऐकू यायला हवी. घरघर आली नाही तर बहुतेक वेळा दोषी असतो मेन रिले, म्हणजे पंपाला वीज पोचवणारा स्विच. डॅशबोर्डखालची ती छोटी डबी उघडून सर्किट बोर्ड उजेडात तिरका धरला की सोल्डरच्या टाक्यांभोवती केसाएवढी गोल चीर दिसते. गरम झालं की चीर फाकते आणि जोड तुटतो. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कुणीही ते टाके नव्याने मारून देतो. त्यानंतरचा संशयित डिस्ट्रिब्युटरमधला (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागातला) इग्नायटर. या दोन जागा माहीत असल्या की सिटीची वायरिंग एरवी समजायला सोपी आहे.

पॅलिओत फियाट कोड नावाची इमोबिलायझर यंत्रणा असते. चावीतली चिप ओळखल्याशिवाय ईसीयू इंजिन सुरू होऊ देत नाही. याचा अर्थ असा की भंगारातून नुसता ईसीयू आणून लावला तर गाडी सुरू होणार नाही. ईसीयू, कोडची पेटी आणि चावी असा एकाच गाडीचा संच लागतो. पॅलिओ बघायला जाल तेव्हा दुसरी चावी मागा. दुसरी चावी आणि कोडचं कार्ड दोन्ही असलेली गाडी थोडी महाग पडली तरी घ्यावी.

पत्रा, काचा आणि सुट्या वस्तू

पॅलिओचा पत्रा जाड, आणि नीट राखलेली पॅलिओ ठोकून बघितली की फरक कळतो. सिटीचा पत्रा पातळ आहे. मागच्या चाकांच्या कमानी आणि रनिंग बोर्ड आधी जातात. रत्नागिरी, मालवण, अलिबाग इथे दारात उभ्या राहिलेल्या गाड्या खालून वाकून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. खारा वारा वरून दिसत नाही. मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक कमानीवरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

देणगीदार गाडीची, म्हणजे जिचे भाग काढून आपल्या गाडीला लावता येतात अशा गाडीची, सोय दोन्हींत आहे. सिटीच्या १.३ आणि १.५ ईएक्सआयचं अंग व्हीटेकसारखंच, त्यामुळे दारं, काचा, सीटा, आतले प्लास्टिकचे भाग तिथून निघतात. मात्र २००० मध्ये चेहरा बदलला. त्याआधीचे दिवे आणि बंपर तुमच्या गाडीला शोभणार नाहीत. पॅलिओला १.२ वरून अंगाचे भाग मिळतात, आणि इंजिनाकडचे भाग १.६ च्या सिएना, पेट्रा आणि ॲडव्हेंचरवरून. पुण्याची नाना पेठ, कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीचं कश्मिरी गेट इथे अजूनही चाळणाऱ्याला बरंच काही सापडतं. पण पॅलिओचा माल दरवर्षी आटतो आहे, कारण फियाटच्या नावाची गाडी आता भारतात नवी विकलीच जात नाही. सिटीचं इंजिन होंडाच्या जगभर पसरलेल्या डी घराण्यातलं, सिव्हिकचं जवळचं नातलग. त्यामुळे गॅस्केट, वॉटर पंप, सेन्सर, वेगळे कॅम, हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणारे पहिले पाइप) हे सगळं परदेशातून मागवता येतं. माझ्या दृष्टीने सिटीच्या बाजूचा हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे.

ही देणगीदार सोयच फसवणुकीलाही वाव देते. १.३ ला व्हीटेकचा बिल्ला लावून विकलेल्या सिट्या आहेत, १.२ ला जीटीएक्सचं स्टिकर लावलेल्या पॅलिओ आहेत. बिल्ल्यावर जाऊ नका. बॉनेट उघडा, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी ताडून बघा. सिटीत हेडच्या बाजूला तो सॉलेनॉइड बसलेला दिसलाच पाहिजे. सचिन तेंडुलकरच्या सहीची पॅलिओ एस१० कुणी दाखवली, तर नुसत्या सहीवर किंमत वाढवून देऊ नका; मूळ कागद मागा.

चाकं आणि बदल

नवख्याला दिसणारा पहिला बदल म्हणजे अलॉय. सिटीला चार नट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर. हे माप इतक्या गाड्यांना आहे की दुकानात हवं ते डिझाइन मिळतं. पॅलिओला ९८ मिलिमीटर, आणि नटांऐवजी बोल्ट. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून काही दुकानदार सिटीच्या मापाचं चाक पॅलिओला आवळून देतात. बोल्ट तिरका बसतो, चाक मध्यावर येत नाही, ऐंशीच्या वेगात स्टिअरिंग थरथरू लागतं आणि बोल्टवर रोज ताण पडत राहतो. असं कधीही करू नका. फियाट लिनियाचे अलॉय शोधा, त्यांचं माप तेच आहे.

ताकद वाढवायची असेल तर सिटी जास्त परतावा देते. हवा आत घेण्याची वाट मोकळी केली, चांगला हेडर आणि एक्झॉस्ट लावला, ईसीयूचं काम जाणकाराकडून करून घेतलं की तिचा वरचा पट्टा खुलतो. पण त्याआधी ब्रेक. सिटीचे मूळ ब्रेक तिच्या वेगाला कमीच पडतात. नवे डिस्क, चांगले पॅड, नव्या होज आणि ताजं ब्रेक ऑइल यांचा खर्च आधी करा. पॅलिओ मात्र शक्यतो मूळ रूपात ठेवावी. तिचं सस्पेन्शन मूळचंच चांगलं आहे. नव्या बुश, नवे लोअर आर्म, ताजे शॉक एवढ्यावर ती परत तशीच चालते. खाली बसवलेली पॅलिओ मला कधीच पटली नाही. आपल्या रस्त्यांवर तिचा सगळ्यात मोठा गुणच त्याने जातो.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे आणि या दोन्ही गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इंधनाच्या सगळ्या रबरी होज, इंजेक्टरच्या ओरिंग आणि टाकीजवळचे जोड इथेनॉल सोसणाऱ्या मालाचे लावून घ्या. गाडी महिनोन् महिने उभी ठेवणार असाल तर हे काम पहिल्याच यादीत. पेट्रोलचा वास आला की गाडी बाहेर काढायची नाही.

कागद

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. इंजिन बदललं तर नवा नंबर आरसीवर चढवून घ्यावा लागतो, रंग बदलला तर त्याचीही नोंद. म्हणून दुसऱ्याच गाडीचं मोठं इंजिन टाकण्याचा बेत रस्त्यावरच्या गाडीसाठी मी सुचवणार नाही. २० वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झाली आहे, शिवाय पर्यावरण कर, पीयूसी आणि महाराष्ट्रात एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट. दिल्लीहून स्वस्तात येणाऱ्या गाड्यांचा मोह होतो. एनओसी (आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र) हातात येईपर्यंत पैसे देऊ नका.

मग कोणती?

काम काही वर्षं चालणार, हे गृहीत धरा. पहिल्या वर्षी कागद, ब्रेक, टायर, होज, रेडिएटर. मग सस्पेन्शन आणि वायरिंग. इंजिनाला हात तिसऱ्या टप्प्यावर, आणि रंग सगळ्यात शेवटी. आधी रंग मारलेल्या गाडीवर नंतर पाना घसरतोच.

हा क्रम सिटीला चांगला मानवतो, कारण मधल्या काळात ती चालती ठेवता येते आणि अडलेला भाग कुठून तरी येतो. स्वतः हाताने काम शिकायचं असेल, हळूहळू बदल करत जायचं असेल, आरपीएमचा काटा वर नेण्यात आनंद असेल तर सिटी घ्या. तुमच्यासारख्या दहापैकी आठ जणांना मी हेच सांगेन.

पॅलिओ कुणी घ्यावी? ज्याला पूर्ण गाडी मिळाली आहे, त्याने. एकाच घरात राहिलेली, आतलं प्लास्टिक शाबूत, दोन्ही चाव्या, बिलांची फाइल, आणि पंधरा-वीस किलोमीटरच्या आत फियाटचा जाणकार माणूस. अशी गाडी दिसली तर सिटीचा विचार बाजूला ठेवा आणि तीच घ्या, कारण लांबच्या रस्त्यावर ती जे समाधान देते ते सिटीकडे नाही. अर्धवट सोडलेली, डॅशबोर्ड उघडून ठेवलेली, ‘थोडंसंच काम बाकी आहे’ म्हणून विकायला काढलेली पॅलिओ मात्र कितीही स्वस्त असली तरी नको. तशी सिटी एकवेळ चालेल, पण मालकाकडे काढलेले भाग पेटीत भरलेले असले तरच. ती पेटी व्यवहाराआधी उघडून घ्या आणि प्रत्येक भाग गाडीवरच्या मोकळ्या जागेशी जुळवून बघा.