आठपैकी दोनच बॉक्स खरे निघाले

सौदा होता वापरलेल्या पॉवर्ड लाइन ॲरेचा, म्हणजे एकाखाली एक टांगायच्या, आतच ॲम्प्लिफायर असलेल्या स्पीकर बॉक्सचा. आठ टॉप (सबच्या वरचे बॉक्स), प्रत्येकात खालच्या स्वरांचे दोन १० इंची वूफर आणि उंच स्वरांचा एक कम्प्रेशन ड्रायव्हर. जाळी, लोगो, मागच्या प्लेट ॲम्पवरचा छोटा डिस्प्ले, सगळं नामांकित ब्रँडसारखं. विक्रेत्याने डेमोला दोन टॉप सबवर, म्हणजे खर्जाच्या बॉक्सवर, ठेवले, ओळखीची गाणी लावली, दणदणीत वाजवलं. सौदा तिथेच पक्का झाला. वाजवलेले दोन बॉक्स अस्सल होते. बाकीचे सहा नकली निघाले, तेही पूर्ण सिस्टिम टांगायची वेळ आल्यावर.

डेमोला दोनच बॉक्स का, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. साध्या टॉपची जोडी ऐकून घेता येते, लाइन ॲरे नाही. एकावर एक लागलेल्या बॉक्सनी मिळून एकच स्रोत व्हावा, हाच त्याचा सगळा हिशोब. हायच्या, म्हणजे उंच स्वरांच्या भागाच्या, तोंडाशी जी उभी फट दिसते, तिच्यामागे वेव्हगाइड, म्हणजे लहरीला वाट देणारा साचा असतो. ड्रायव्हरपासून फटीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागापर्यंतचे सगळे मार्ग तो सारख्या लांबीचे करतो, म्हणून लहर जवळजवळ सपाट बाहेर पडते. १० किलोहर्ट्झची तरंगलांबी जेमतेम ३४ मिलिमीटर. तिथे मार्गांत १७ मिलिमीटरचा फरक पडला की लहरी एकमेकींना खातात. नकली बॉक्समध्ये फट तशीच होती, पण मागे साधा प्लास्टिकचा हॉर्न. असा एकटा बॉक्स छानच वाजतो, कधीकधी अस्सलपेक्षा चकचकीतही. सहा एकत्र लावले की पावलागणिक हाय बदलतो, आणि बिचारा ऑपरेटर इक्यू फिरवत बसतो.

अस्सल मॉडेलला रिमोट कंट्रोलचं सॉफ्टवेअर असेल तर सगळे बॉक्स नेटवर्कवर जोडून पाहा. डीएसपीमधला (बॉक्समधल्या आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणाऱ्या भागातला) सीरियल नंबर स्टिकरशी जुळला पाहिजे. इथे सॉफ्टवेअरला आठपैकी दोनच दिसले. स्टिकर मात्र आठही बॉक्सवर होते, नीट छापलेले.

सॉफ्टवेअर नसेल तर पोलॅरिटीची, म्हणजे सिग्नलची अधिक-उणे बाजू उलटवून बघायची, चाचणी करा. यात लपवाछपवी चालत नाही. दोन बॉक्स शेजारी उभे करा, दोघांवर एकच प्रीसेट (तयार सेटिंग), मिक्सरच्या दोन वेगळ्या आउटपुटवरून एकसारखा पिंक नॉइज (सगळे स्वर असलेला चाचणीचा खरखराट) द्या, मायक्रोफोन दोघांपासून समान अंतरावर ३-४ मीटर लांब ठेवा. आधी एकेकटा वाजवून लेव्हल जुळवा. मग दोन्ही एकत्र: ६ डीबी वाढ दिसली पाहिजे. आता एका आउटपुटची पोलॅरिटी उलटी करा. बॉक्स खरोखर जुळे असतील तर आवाज कोसळतो, फक्त वरची पातळ सळसळ उरते. ती उरणारच, कारण मायक्रोफोन दोन सेंटिमीटर सरकला तरी हाय नीट रद्द होत नाही. म्हणून एक-दीड किलोहर्ट्झच्या खालीच बघा.

अस्सल-अस्सल जोडी या चाचणीत मेल्यासारखी झाली. अस्सल-नकली जोडीत ४०० हर्ट्झच्या आसपास आवाज उलट वाढला. नकली प्लेट ॲम्पच्या डीएसपीत १.३ मिलिसेकंद जास्त उशीर होता. आवाज तेवढ्या वेळात जवळपास ४५ सेंटिमीटर जातो, आणि ३८५ हर्ट्झला ती बरोबर अर्धी लहर होते. म्हणजे सरळ पोलॅरिटीत, प्रत्यक्ष कार्यक्रमात, नेमका गायकाच्या आवाजात खड्डा. एक बॉक्स प्रमाण धरून उरलेले सात त्याच्याशी असे ताडायला तासभर पुरतो. अस्सल बॉक्समध्येही फर्मवेअर (आतलं अंगभूत सॉफ्टवेअर) वेगवेगळं असेल तर हाच घोळ दिसू शकतो, तेव्हा आरोप करण्याआधी ते सारखं करून घ्या.

आकड्यांचंही सांगतो. नकली बॉक्सच्या लेबलवर १३९ डीबी होतं. ९८ डीबी सेन्सिटिव्हिटीच्या (एक वॅटला एक मीटरवर ९८ डीबी देणाऱ्या) ड्रायव्हरला तिथवर न्यायला ४१ डीबी हवेत, म्हणजे साधारण १२,५०० वॅट. आतला फ्यूज ६.३ अँपिअरचा, २३० व्होल्टवर सुमारे १,४५० वॅट. पण नुसत्या फ्यूजवरून कोणाला चोर ठरवू नका. संगीताची सरासरी पॉवर शिखराच्या मानाने फार कमी असते आणि चांगल्या कंपन्याही शिखराचाच आकडा छापतात. फ्यूज एवढंच सांगतो की लेबलवर ‘कंटिन्युअस’, म्हणजे सतत मिळणारे, वॅट याहून जास्त छापले असतील तर ते खोटे आहेत.

डेमो दहा मिनिटांचा होता. चाळीस मिनिटं, लिमिटरचा (आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणाऱ्या भागाचा) दिवा लागेल इतक्या जोरात वाजवायला लावा आणि सुरुवातीची व शेवटची लेव्हल मोजा. स्पीकरमधल्या तांब्याच्या कॉइलचं तापमान १५० अंशांनी वाढलं की रोध दीडपटीहून जास्त होतो आणि आवाज बसतो. थोडा सगळ्यांचाच बसतो. एखाद्याचाच जास्त बसला तर तो बॉक्स उघडा. नकली सहांत लिमिटर जवळपास मोकळाच सोडलेला होता. दोन वूफरची कॉइल आधीच काळपट पडलेली होती.

आणि वजन. हे सगळ्यात आधी करायचं काम, साध्या लटकवायच्या काट्यावर होतं. निओडिमियमऐवजी फेराइट मॅग्नेट घातलेला बॉक्स जड भरतो. इथे प्रत्येकी ७ किलो जास्त, सहांचे ४२. टांगणीचं गणित करणारं कंपनीचं सॉफ्टवेअर अस्सल वजन धरून चालतं, त्यामुळे फ्रेमवरचा भार आणि ॲरेचा कल दोन्ही चुकतात. त्यातही रिगिंगचा पत्रा, पिना आणि वेल्डिंग कुठल्या दर्जाचं, याचा कसलाही कागद या सहांबरोबर नव्हता. पिनेला चुंबक लावून काही कळत नाही: उत्तम दर्जाचं काही स्टेनलेस चुंबकाला चिकटतं, काही चिकटत नाही. भारक्षमतेचं प्रमाणपत्र नसलेला बॉक्स माणसांच्या डोक्यावर टांगता येत नाही. म्हणून ते सहा आता जमिनीवर, स्टेजच्या कडेला, दोन-दोन करून साइडफिलला, म्हणजे कलाकारांना बाजूने आवाज द्यायला, लागतात. अस्सल दोघांना त्यांच्यात मिसळत नाहीत.