‘जमलेली जोडी’ म्हणून विकली जाणारी पिस्तूल कोळंबी: एक फसवणूक

पिस्तूल कोळंबी (नांगीच्या झटक्याने ‘टक्’ असा आवाज काढणारी समुद्री कोळंबी) आणि गोबी मासा यांची ‘जमलेली जोडी’ म्हणून मला पुण्यात जे पाठवण्यात आले, त्याची हकीकत मी तपशिलाने देत आहे, कारण त्याच विक्रेत्याने हीच युक्ती माझ्या ओळखीतल्या मासे पाळणाऱ्या आणखी एका नवख्या हौशी माणसावर करून पाहिली आहे.

विक्रेत्याच्या चित्रफितीत वाळूतल्या बिळाच्या तोंडाशी पिवळा वॉचमन गोबी पहारा देत होता आणि तपकिरी नक्षीची टायगर पिस्तूल कोळंबी लांब मिशी त्याच्या अंगाला टेकवून खडे बाहेर ढकलत होती. कोळंबीची नजर अधू असते. धोका दिसला की मासा शेपूट थरथरवतो, ती थरथर मिशीला कळते आणि दोघेही बिळात शिरतात. हा सहवास पाहायला मिळावा म्हणूनच 40 लिटरच्या मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या, टाकीचा खटाटोप असतो. दोघांना ‘एकाच बिळातून उचलले आहे’ असे सांगून त्याने सुट्या दरापेक्षा दीड हजार रुपये जास्त, आणि सगळी रक्कम आगाऊ घेतली.

गोबी खरा निघाला. कोळंबी मात्र एकसारख्या शेवाळी रंगाची होती. अंगावर नक्षी नव्हती, पायांवर पट्टे नव्हते. विचारल्यावर उत्तर आले, “प्रवासाच्या ताणाने रंग उतरलाय. एकदा कात टाकू द्या, नक्षी उमटेल.” ताणाने रंग थोडा फिका पडू शकतो, त्यामुळे हे उत्तर पटण्यासारखे असते. खरी मेख अशी की त्याची भरपाईची मुदत चोवीस तासांची होती आणि कात पडायला आठवडे लागू शकतात.

“टक् असा आवाज येतो ना? मग पिस्तूलच आहे,” हे त्याचे दुसरे आश्वासन. तो आवाज नांगीच्या आपटण्याचा नसून तिच्या झटक्याने पाण्यात तयार होणारा बुडबुडा फुटल्याचा असतो, असे 2000 साली ‘सायन्स’ या नियतकालिकातील संशोधनाने दाखवले. पण या कुळात 600हून अधिक जाती आहेत, आवाज काढणाऱ्या जाती त्यांत भरपूर आहेत आणि गोबीशी जोडी करणाऱ्या मोजक्याच. कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी हाच आवाज ऐकू येतो. आवाजाने काहीच सिद्ध होत नाही.

तिने कात टाकली तेव्हाही नक्षी उमटली नाही. गोबी खडकावर चढून बसायचा, बिळाकडे फिरकतही नसे. एका सकाळी त्याच्या शेपटीचा पर फाटलेला दिसला आणि मी त्याला जाळीच्या पेटीत वेगळे ठेवले.

अशी खरेदी करायची असेल, तर आजची तारीख लिहिलेला कागद काचेला लावून, कॅमेरा न थांबवता घेतलेले चित्रण मागावे, आणि त्यात मिशी माशाच्या अंगाला टेकलेली दिसल्याखेरीज जोडीचे जादा पैसे देऊ नयेत. मला विक्रेत्याने ब्लॉक केले आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 वर, मी संदेश आणि व्यवहाराच्या नोंदींसह तक्रार केली आहे.

माझ्या ओळखीतल्या त्या माणसाला दुसऱ्या नावाने आलेली चित्रफीतही तीच होती: निळा प्रकाश, बिळाच्या डावीकडे तुटका पांढरा शिंपला आणि शेवटी काचेवरून सरकणारी गोगलगाय. ती तुम्हाला आली, तर पैसे पाठवू नका.