फायनान्सने ओढलेली पिकअप ऑनलाइन लिलावात घ्यावी की सोलापुरातल्या डीलरकडून?

मार्केट यार्डात कांदा पोहोचवण्यासाठी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चादरी-टॉवेलचे गठ्ठे उचलण्यासाठी जुनी पिकअप घेऊ पाहणाऱ्यापुढे आज दोन वाटा आहेत. हप्ते थकल्यामुळे फायनान्स कंपनीने ओढून आणलेली गाडी ऑनलाइन लिलावात बोली लावून घेणे ही एक. शहरातल्या डीलरकडे जाऊन, चालवून पाहून, घासाघीस करून घेणे ही दुसरी. मोबाइलवर पहिली वाट बरीच स्वस्त दिसते, परंतु तिथे दिसतो तो केवळ बोलीचा आकडा असतो आणि डीलर सांगतो ती दारात उभ्या असलेल्या गाडीची किंमत असते. म्हणून हे दोन आकडे जसेच्या तसे शेजारी ठेवले की हिशेब चुकतो.

समजा बोली ३,००,००० रुपयांना सुटली. खरेदीदार शुल्क ३ टक्के धरले (काही ठिकाणी ते ठोक रकमेत असते), तर ९,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे १,६२० रुपये वाढतात. गाडी पुण्याच्या यार्डात असेल, कागद मिळायला वीस दिवस लागले आणि पार्किंगचे रोजचे २०० रुपये लागू झाले, तर ४,००० रुपये. ती अडीचशे किलोमीटर लादून आणायचे १२,००० रुपये धरा. आकडा ३,२६,६२० वर गेला, आणि यात संपलेला विमा, पासिंग, बॅटरी, टायर काहीच आलेले नाही. जुन्या वाहनांवरचा १८ टक्के जीएसटी साधारणपणे विक्रेत्याच्या नफ्याच्या फरकावर लागतो. पूर्ण बोलीवर तो लावला जात असेल, तर कारण लेखी मागावे.

माझ्या मेहुण्याने अशीच एक गाडी घेतली. फोटोत बॅटरी आणि स्टेपनी दोन्ही होत्या, यार्डात दोन्ही नव्हत्या. लिलाव कंपनीने यार्डाशी बोलायला सांगितले, यार्डवाल्याने फायनान्सकडे बोट दाखवले आणि फायनान्सने ‘जशी आहे तशी, जिथे आहे तिथे’ ही अट वाचून दाखवली. हे चालू असताना पार्किंगचे मीटरही चालूच होते. विकणारा एक, बोली चालवणारा दुसरा आणि गाडी सांभाळणारा तिसरा असल्यामुळे तक्रार कोणाच्याच दारात टिकत नाही.

डीलर साधुसंत असतो असे नाही. किलोमीटरचा काटा मागे घेतलेला असू शकतो, नव्या रंगाखाली अपघात लपलेला असू शकतो आणि ‘आरसी आठ दिवसांत’ हे वाक्य कोणी गांभीर्याने घेऊ नये. मात्र भांडायला एक ठरलेले दार असते. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या डीलरला परिवहन विभागाचे अधिकारपत्र घ्यावे लागते आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची माहिती नमुना २९-सी मध्ये नोंदवावी लागते. हे अधिकारपत्र दुकानाच्या पाटीवर नव्हे, कागदावर पाहावे.

कागदांच्या बाबतीत अंतर सर्वांत मोठे आहे. डीलरकडे नमुना २९ आणि ३० वर, म्हणजे गाडी नावावर करण्याच्या कागदांवर, मूळ मालकाची सही मिळते. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवण्याचा नमुना ३५ आणि फायनान्सची एनओसी. ओढलेल्या गाडीचा मालक आरसी द्यायलाच तयार नसेल, तर फायनान्सला नमुना ३६ भरून आधी स्वतःच्या नावाने नवी आरसी काढावी लागते आणि महिने जातात ते याच टप्प्यावर. ते काम झाले आहे का, हे बोलीआधीच विचारावे. गाडी केए-२८, म्हणजे विजयपूर पासिंगची असेल, तर कर्नाटकातली एनओसी आणि इथला कर हे आणखी दोन खर्च धरावेत.

तक्रारीची वाट बंद नाही. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे; सुरुवातीला कमी किंमत दाखवून शुल्क शेवटी उघड करणे २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अनुचित ठरवले आहे; आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे कंपनी कुठलीही असली तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे सोलापुरात, करता येते. गाडीला मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीचे शुल्कही नाही. अडचण अशी की स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेली एखादी गाडी कायद्यात बसते, तिसरी-चौथी घेणाऱ्याला ‘व्यावसायिक हेतू’ हे उत्तर मिळू शकते.

ज्याचा स्वतःचा मेकॅनिक आहे, जो यार्डात जाऊन इंजिन व चेसिस क्रमांक आरसीशी ताडून पाहू शकतो आणि ज्याचे पैसे महिनाभर अडकले तरी चालतात, त्याने लिलावात उतरायला हरकत नाही. पुढच्या आठवड्यापासून भाडे मारायचे असेल किंवा कर्ज काढायचे असेल, तर डीलरच बरा, कारण लिलावाची मुदत बँकेच्या मंजुरीसाठी थांबत नाही. बोलीची मर्यादा डीलरच्या भावावरून उलटी काढावी: तशीच गाडी सोलापुरात ३,५०,००० ला मिळत असेल, तर वरचे २६,६२० आणि दुरुस्तीचे ४०,००० वजा जाऊन २,८३,३८० उरतात, आणि महिनाभर बुडणारे भाडे त्यातूनही वजा करावे लागते.