ठिबकच्या खताला मीटर घेताना: ईसी की पीपीएम?

ठिबकच्या पाण्यात किती खत विरघळलंय ते पाहायला मीटर ईसीचा (पाणी वीज किती वाहून नेतं) घ्यावा की पीपीएमचा (दहा लाख भागांत किती भाग), हा प्रश्न पॉलिहाऊसमध्ये ढोबळी मिरची घेणाऱ्याला आज ना उद्या पडतोच. मी दोन्ही वापरले आहेत, त्यातून जे समजलं ते सांगतो.

पीपीएम हिशोबाला सोपं, यात वाद नाही. १,००० लिटरच्या टाकीत १ ग्रॅम म्हणजे १ पीपीएम. द्राक्षावर १० पीपीएम जीए (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) मारायचं तर १०० लिटरला १ ग्रॅम, कागद-पेन लागत नाही. काट्यावर तोलून केलेल्या पीपीएमवर माझा आजही पूर्ण भरवसा आहे.

माझी अडचण आहे ती मीटरवर दिसणाऱ्या पीपीएमची. हा मीटर क्षार तोलत नाही. तोही पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे ईसीच मोजतो आणि आतल्या आत तिला एका आकड्याने गुणून पीपीएम दाखवतो. तो आकडा कुणाचा ५००, कुणाचा ६४०, तर कुणाचा ७००. आमच्या एकाच बादलीतलं द्रावण माझ्या मीटरवर १,००० दाखवायचं आणि शेजाऱ्यांच्या मीटरवर १,४००. दोन्ही मीटर चोख, दोन्हीकडे ईसी २.०. आता सल्लागार फोनवर म्हणाले, "१,००० पीपीएम ठेवा," तर शेजाऱ्यांच्या पिकाला १.४ ईसीचंच खत जाणार. कोणत्या गुणकाचा पीपीएम, हे फोनवर कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. याच एका कटकटीमुळे मी ईसीकडे वळलो.

ईसीतही उणिवा आहेत. युरिया वीज वाहून नेत नाही, त्यामुळे तो मीटरला दिसतच नाही. युरियायुक्त १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश) टाकलं की आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. बोअरच्या पाण्यातला सोडियम आणि आपलं कॅल्शियम नायट्रेट यांतला फरकही त्याला कळत नाही, म्हणून खत टाकण्याआधी नुसत्या पाण्याचा ईसी लिहून ठेवावा. पण या उणिवा पीपीएम मीटरलाही चुकत नाहीत. शिवाय माती परीक्षणाच्या अहवालात ईसीच असतो. तिथला डेसीसायमन प्रति मीटर आणि मीटरवरचा मिलिसायमन प्रति सेंटिमीटर एकच.

पीपीएम मीटर आधीच घरात असेल तर लगेच नवा घ्यायला हवा असं नाही. १.४१३ ईसीचं कॅलिब्रेशनचं (मीटर पडताळायचं) द्रावण आणून त्यात बुडवून पाहा. ७०६च्या आसपास दाखवला तर गुणक ५००चा, ९९०च्या आसपास दाखवला तर ७००चा. तो आकडा मीटरच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवा.